कडेचं बी

भात संशोधन संस्थेच्या काचघरात सगळे तिला हेडबाई म्हणत. शाळा तिची तिसरीतच सुटलेली. सुटली म्हणण्यापेक्षा तिनेच ती सोडून दिली, कारण पाढा चुकला म्हणून मास्तरांनी छडी उगारली आणि हिने ती वरच्यावर धरली. त्यानंतर आजतागायत तिच्यावर कुणी काही उगारलं नव्हतं. वय साठीला टेकलं, गुडघे कुरकुरायला लागले, पण आवाज असा की काचघराच्या या टोकाला ती नुसती खाकरली तरी त्या टोकाचा गडी हातातली झारी सरळ धरायचा.

काम तिचं पाणी घालायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी दोन प्रकारचं. निळ्या पिंपात गोडं, लाल झाकणाच्या पिंपात खारं. भाताच्या बारा जाती, प्रत्येकीच्या सहा कुंड्या. तिघींना गोडं, तिघींना खारं, रोज सकाळी मोजून एकेक मग. एकदा गड्याने अर्धा मग कमी घातला तर तिने त्याला असं झापलं की बिचारा दोन दिवस कुंड्यांनासुद्धा अहो-जाहो करत होता.

प्रयोग डॉक्टरणीचा. ही डॉक्टरीण झाडांची, चष्मा लावणारी, हेडबाईच्या लेकीच्या वयाची. "माझा गुडघा दुखतो म्हटलं तर पानाकडे बघते, आणि म्हणे डॉक्टर," असं हेडबाई तिच्या तोंडावरच म्हणायची. पण पोरगी जे सांगायची ते कान देऊन ऐकायची, कारण समजावून सांगायची हातोटी तिला होती.

"काकू, मुळाशी मीठ साचलं ना, की पाणी समोर असून रोपाला ओढून घेता येत नाही," पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती.

"म्हणजे ताट समोर आणि तोंडाला कुलूप."

"कुलूप तर ते खरंच लावतं. पानावर बारीक बारीक तोंडं असतात. आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून रोप ती मिटून घेतं. पण हवाही त्याच तोंडांतून आत जाते. हवा आणि पाणी घेऊन पान उन्हावर आपलं अन्न शिजवतं. आता ऊन तर पडतंय, चूल रणरणून पेटलीय, आणि भांड्यात घालायला काहीच नाही."

"मग भांडं करपणार."

डॉक्टरीण लिहायची थांबली. "हो काकू. तेच होतं. पान करपतं. वर ते मीठ हळूहळू पानात चढतं ते वेगळंच."

आणि ते करपणं मोजायचं एक यंत्र होतं. पानाला काळा चिमटा लावायचा. त्याच्या आत पानाचा तेवढा तुकडा वीस मिनिटं अंधारात ठेवायचा. मग उजेडाचा एक झटका द्यायचा. अंधारातून उठलेलं पान त्यातला किती उजेड कामाला जुंपू शकतं, ते आकड्यात उमटायचं. धडधाकट पान पॉइंट आठच्या आसपास. खारं पाणी सुरू केल्यापासून अठराव्या दिवशी ज्या जातीचा आकडा पॉइंट सातच्या वर, ती पास. पास झालेली जात प्लॉट नंबर सातमध्ये लागायची.

प्लॉट नंबर सात हे संस्थेच्या कागदावरचं नाव. हेडबाईच्या तोंडी ते 'आपलं शेत' होतं, कारण ते तिचंच होतं. चार वर्षांपूर्वी समुद्र बांध फोडून आत आला, पंधरा दिवस पाहुण्यासारखा राहिला आणि जाताना सगळ्या जमिनीवर मिठाची पांढरी साय ठेवून गेला. पुढे संस्थेने प्रयोगासाठी ती जमीन घेतली, आणि हेडबाई काचघरात कामाला लागली. काचघराच्या मावळतीकडच्या एका काचेतून शेत दिसायचं. बाकीच्या काचा धुळीने आंधळ्या झाल्या तरी ती एक काच ती रोज ओल्या फडक्याने पुसायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिथे कोळी फार होतात."

त्या शेतात त्यांचं भात व्हायचं. तांबड्या सालीचं, म्हणून घरात त्याला नुसतं 'तांबडं' म्हणत. फुलोऱ्यात आलं की ऊन जरा चढल्यावर शेतातून एक वास उठायचा. कोवळा, दुधाळ, नुकत्या उतू गेलेल्या पेजेसारखा. तो वास आला की ती हातातलं काम टाकून बांधावर जाऊन उभी राहायची. चार वर्षं झाली. इतर कशाचीही आठवण तिने बोलून बोलून झिजवली होती, शेजारणींना सांगून, सुनेला ऐकवून. या वासाबद्दल मात्र ती कुणापाशी बोलली नव्हती. एकदा सकाळी उठल्या उठल्या तो आल्यासारखा वाटला आणि ती उशीचा अभ्रा हुंगत बसली. सुनेने विचारलं, "आई, काय झालं?" तर म्हणाली, "साबण कमी घालतेस तू."

तांबड्याचं शेवटचं बी तिच्याकडे होतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळलेलं, झाकणाला मेण लावून बंद. समुद्र आला त्याच्या आधीच्या हंगामातलं. बी निवडायचं काम नवऱ्याचं. तो शेताच्या अगदी मध्यावर जायचा आणि टपोऱ्या, भरलेल्या लोंब्या तेवढ्या तोडून आणायचा. डब्यात ओतायच्या आधी तपासायची मात्र ती. बांधाकडच्या तीन ओळींत खारं पाणी झिरपायचं, तिथल्या लोंब्या किरट्या. त्यातली एखादी जुडीत दिसली की तिचं तोंड सुरू. "हे भिकार कुणी आणलं? माझ्या डब्यात हे जायचं नाही." मग कडेच्या लोंब्या कोंबड्यांपुढे पडायच्या.

डॉक्टरणीच्या पाठीमागे लागून लागून तिने तांबड्याला बारावी जात म्हणून प्रयोगात बसवलं होतं. "अकरा नावं लिहिलीस, तर एक गरिबाचंही लिही," म्हणाली. शंभर दाण्यांतले वीसच उगवले, पण उगवले. रोपं मातीतून वर आली तेव्हा तिने गड्याला बाहेर पिटाळलं आणि एकटीच त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

तांबडं पास झालं की शेतात. आपल्या शेतात आपलं भात. तिला एवढंच हवं होतं.

खारं पाणी सुरू झालं. अकराव्या दिवशी तांबड्याच्या खालच्या पानांची टोकं वाळली. बाराव्या दिवशी कडा गुंडाळल्या. डॉक्टरीण पाहून म्हणाली, "खालची जुनी पानं आधी जाणारच, काकू. रोप मीठ शक्यतो त्यांच्यात ढकलतं आणि वरचं कोवळं पान वाचवतं. बघायचं ते वरच्या पानाकडे." पण तांबड्याचं वरचं पानही फिकं पडलं होतं. पिवळं नाही म्हणता येणार, पण हिरव्यातला जीव गेलेला. बाजूच्या परक्या जाती ताठ उभ्या, आणि ही तीन रोपं दुपारच्या आत मान टाकायची.

तेराव्या दिवशी सकाळी हेडबाई लाल पिंपापाशी गेली, मग भरला, तांबड्याच्या कुंडीपर्यंत आली आणि थांबली. मागे वळली. मगातलं पाणी पिंपात परत ओतलं आणि निळ्या पिंपातून भरून आणलं. तिन्ही कुंड्यांना. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिच्या हातावर कुणाची नजर नव्हती, कारण काचघरात नजर ठेवायचं काम तिचंच होतं.

अठराव्या दिवशी चिमटे लागले. वीस मिनिटं गेली. डॉक्टरीण यंत्राकडे बघत राहिली आणि मग लहान पोरीसारखी ओरडली, "पॉइंट अठ्ठ्याहत्तर! काकू, तुमचं तांबडं पहिलं आलं! यावेळी पाव प्लॉट त्याचाच. तुम्ही सांगाल तिथे."

"मग काय वाटलं तुला," हेडबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच ठणठणीत निघाला. हात मात्र तिने फडक्यात गुंडाळून घेतले.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत समुद्राच्या बाजूची खिडकी आणि तिच्याकडे पाठ करून ठेवलेली एक खुर्ची. त्या खुर्चीत तिचा नवरा. शेत गेलं त्या हंगामात त्याने खुर्ची भिंतीकडे वळवली, ती वळवलीच. दिवसभर रेडिओ ऐकायचा, सुनेला भाजी निवडून द्यायचा, पण मान मागे म्हणून वळवायचा नाही. मुलाने एकदा खुर्ची सरळ करून ठेवली तर म्हाताऱ्याने ती करकर ओढत परत फिरवली.

"अहो, ऐकलंत का," हेडबाई चपला काढता काढता म्हणाली. "तांबडं पास झालं. आपल्या शेतात लागणार. पाव शेत."

सुनेने ओट्यावरूनच टाळी वाजवली. "बाबा, आता तरी खिडकीकडे बघा!"

म्हाताऱ्याने रेडिओ बंद केला. "कुठलं तांबडं?"

"आपल्याकडे काय दहा तांबडी होती? डब्यातलं."

"मधलं बी?"

"मधलंच. कडेचं मी कधी डब्यात येऊ दिलं?"

 तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "मधलं बी मिठात जगलं? खोटं."

"यंत्राने सांगितलं. तुम्ही काय यंत्रापेक्षा शहाणे?"

"यंत्र त्या दिवशी शेतात नव्हतं. मी होतो," तो म्हणाला. "पाणी ओसरल्यावर मी पहिला गेलो. मधलं सगळं झोपलं होतं, पार मुळापासून. गवताच्या काडीएवढंही उभं नव्हतं. तू त्याला काय पाजलंस ते सांग."

सून हातातला झारा तसाच धरून उभी. या घरात सासूला असा प्रश्न कुणी विचारल्याचं तिने पाहिलं नव्हतं.  हेडबाई त्याच्या समोर जमिनीवर बसली, त्याच्या आणि भिंतीच्या मधे.

"गोडं पाजलं," ती म्हणाली. "माना टाकत होती हो. माझ्याच हाताने त्यांना मीठ... नाही झालं."

"आणि शेतात कोण गोडं पाजणार होतं? तू मग घेऊन उभी राहणार होतीस?"

"पुढचं पुढे म्हटलं. एकदा उभं तरी दिसेल."

"आणि आठ दिवसांनी झोपलेलं दिसेल. मी एकदा पाहिलंय ते," म्हातारा म्हणाला. "तुला दाखवायचं नव्हतं म्हणून तेव्हा तुला येऊ दिलं नाही."

ही गोष्ट ती चार वर्षांत पहिल्यांदा ऐकत होती. तिला वाटलेलं, त्याने आपल्याला शेतावर नेलं नाही ते रागाने.

थोड्या वेळाने तो सुनेला म्हणाला, "माझी पेटी आण गं." पलंगाखाली त्याची औजारांची पेटी होती. विळे, खुरपी, सगळं गंजलेलं. हेडबाईने त्या पेटीला कधी हात लावला नव्हता. त्याने तळाशी हात घातला आणि औषधाची एक बाटली काढली. बुचाला मेण. आत राख आणि राखेत भाताचे दाणे.

"हे काय?"

"कडेचं. मधलं सगळं गेलं तेव्हा बांधाकडच्या तीन ओळी उभ्या होत्या. अर्ध्या करपलेल्या, पण उभ्या. दाणे भरले त्यांत. मी एकटा जाऊन कापून आणले."

"चार वर्षं? आणि माझ्याजवळ बोलला नाहीत?"

"तू हसली असतीस."

"मी हसले की काय आभाळ कोसळतं?"

"माझं कोसळतं," तो म्हणाला.

सून झटकन ओट्याकडे वळली आणि उगाचच नळ सोडून बसली.

दुसऱ्या दिवशी हेडबाई सगळ्यांच्या आधी काचघरात हजर. डॉक्टरणीने पिशवी ठेवायच्या आतच तिने सांगून टाकलं. आडवळणाने सांगायची तिला सवय नव्हती. "तुझा आकडा खोटा आहे. तेराव्या दिवसापासून तांबड्याला मी गोडं घातलं."

डॉक्टरणीचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "काकू, तुमच्या हातावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता."

"आता उघड."

"बाकीच्या अकरा जातींचं काय? त्यांना काय काय घातलंय, मला कसं कळणार?"

हे तिला लागलं. स्वतःच्या चोरीपेक्षा हे जास्त लागलं. "तुझं ते पाण्यातलं मीठ मोजायचं मीटर आण," ती म्हणाली. "एकेक कुंडी मोज. मी इथे उभी आहे."

डॉक्टरणीने खरंच मोजलं. अकरा जातींच्या, खाऱ्या पाण्याच्या तेहेतीस कुंड्या. प्रत्येकीखालच्या बशीत झिरपलेलं पाणी घ्यायचं, मीटर बुडवायचं, लिहायचं. दीड तास लागला. गडी आला, मान खाली घालून निघून गेला. हेडबाई गुडघा भरून आला तरी बसली नाही. तेहेतीसच्या तेहेतीस आकडे जिथल्या तिथे निघाले. खोट्या ठरल्या त्या फक्त तिच्या तीन.

डॉक्टरणीने वहीत तांबड्यावर काट मारली. लाल पेनाने, दोनदा. मग बाटली टेबलावर आली आणि तिची सगळी गोष्टही. डॉक्टरीण बाटली उजेडाकडे धरून म्हणाली, "म्हणजे बी निवडताना तुम्ही वर्षानुवर्षं मिठाला टिकणारंच टाकून देत होतात."

"कोंबड्यांना घालत होते," हेडबाई म्हणाली. "कोंबड्या मात्र धडधाकट होत्या हं."

डॉक्टरणीला हसायचं नव्हतं, पण ती हसली. लावणीला अजून दिवस होते. पुन्हा एकदा करून बघता आलं असतं. "पण यावेळी पाणी तुम्ही घालायचं नाही," ती म्हणाली.

"मीच घालणार. तू मीटर घेऊन समोर उभी राहा."

चाळीस दाण्यांतले नऊ उगवले. सहा कुंड्यांत सहा, तीन राखीव. रोपं दिसायला किरटी, पानं अरुंद, एरवी तिने नावं ठेवली असती. खारं पाणी सुरू झालं आणि ती रोज लाल पिंपातून मग भरून, डॉक्टरणीने मीटर बुडवलं की कुंडीत ओतू लागली. धार सरळ पडायची. नवव्या दिवशी खालची पानं करपायला लागली. तरी मग लाल पिंपातच बुडला. चौदाव्या दिवशी एका रोपाचं सगळ्यात जुनं पान पूर्ण तपकिरी होऊन लोंबलं. ती ते तोडणार होती, डॉक्टरणीने हात धरला. "राहू द्या. मीठ त्याने स्वतःत घेतलंय." हेडबाईने वरच्या पानाकडे बघितलं. ते हिरवं होतं. अगदी तजेलदार नव्हे, पण हिरवं, आणि भर दुपारी ताठ.

अठराव्या दिवशी चिमटे लागले. ती वीस मिनिटं कशी गेली ते तिला विचारू नये. पहिलं पॉइंट त्र्याहत्तर. दुसरं पॉइंट एकाहत्तर. तिसरं पॉइंट सहासष्ट.

"दोन पास, एक नापास," डॉक्टरीण म्हणाली. "सरासरी पॉइंट सत्तर. जेमतेम काठावर. पाव प्लॉट नाही देता येणार, काकू. एक ओळ देते. कुठे हवी?"

हेडबाई त्या पुसलेल्या काचेपाशी गेली. शेताच्या मध्यावर, जिथे तिचं सोनं पिकायचं, तिथे परक्या जातींच्या नावांच्या पाट्या ठोकलेल्या दिसत होत्या.

"बांधाकडेला," ती म्हणाली.

जगलेल्या रोपांचे फुटवे सोडवून, चांगले तेवढे घेतले. लावणीच्या अकरा जुड्या, अकरा चूड झाले. ते तिने स्वतःच्या हाताने लावले. चार वर्षांनी त्या चिखलात पाय घातला तर चिखल ओळखीचा वाटेना. पूर्वी तो पायाला धरून ठेवायचा, आता ढेकळासारखा तुटत होता. अकरा चूड लावायला किती वेळ लागणार? ती मात्र दिवस कलेपर्यंत तिथेच होती.

घरी आली तेव्हा म्हातारा रेडिओ बंद करून बसला होता.

"लावलं?"

"लावलं."

"किती?"

"एक ओळ. अकरा चूड."

"कुठे?"

"कडेला," ती म्हणाली, आणि तो हसायची वाट बघत राहिली. तो हसला नाही.

"इथून दिसतं का?"

"कसं दिसेल? एवढ्या लांबून अकरा चूड."

 मग त्याने खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, उठला आणि खुर्ची ओढायला लागला. करकर आवाज झाला. सून आतून धावत येत होती, हेडबाईने तिला हातानेच थोपवलं. खुर्ची फिरली. तो खिडकीसमोर बसला. बाहेर तांबूस उजेडात दूरवर बांधाची रेघ होती आणि तिच्यापलीकडे समुद्र.

"फुलोरा कधी धरेल?"

"दोन महिने तरी लागतील."

"तेव्हा वारा इकडचाच असतो," तो म्हणाला. "समुद्राकडून घराकडे."

 तिला वाटलं होतं, तो वास एकट्या तिच्याच नाकात राहिला आहे. अकरा चुडांचा वास इतक्या लांब येत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्याला तर तिच्याहून जास्त ठाऊक होतं. खिडकीचं एकच दार उघडं होतं. दुसऱ्याची कडी चार वर्षं कुणी काढलेली नव्हती, खाऱ्या हवेने ती गंजून बसली होती. हेडबाईने वरवंटा आणला आणि ती ठोकून ठोकून काढली.